आइस्क्रीमशेजारचे रिव्हेट

"लोकांच्या फ्रीजरमध्ये बर्फ असतो, आमच्यात खिळे," सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

"खिळे नाहीत आई, रिव्हेट. विमानाचा पत्रा जोडायचे," मी ऐटीत म्हटलं. ऐट का नसावी? दुसऱ्या दिवशी माझी रिव्हेट ठोकायची परीक्षा होती. पास झाले की स्वतः केलेल्या कामावर मारायला माझ्या नावाचा शिक्का मिळणार. घरामागच्या आमच्या कारखान्यात आजवर शिक्का एकच, आमच्या ह्यांचा. मी तर पास झाल्याचं आइस्क्रीमही आधीच आणून ठेवलं होतं, मोठा डबा.

रिव्हेटच्या ॲल्युमिनियमचा स्वभाव मी ह्यांच्या फाटक्या पुस्तकांतून शिकले. भट्टीतून काढून पाण्यात बुडवला, की रिव्हेट नव्या जावयासारखा मऊ. मग नुसता पडून राहिला तरी तासातासाला ताठर होत जातो. गारठ्यात ठेवला तरच मऊपणा टिकतो. आणि ठोकाल तितका आणखी कडक. पुस्तकात नवऱ्यांचा उल्लेख नव्हता, पण मला पटलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर पहिला रिव्हेट ठोकला. त्याचं डोकं तडकलं. दुसऱ्याचंही.

"बायकांचा हात हलका, साहेब," हे हसत म्हणाले.

"जोरात हाणा, वहिनी," दिरांनी सल्ला दिला.

ठोकून तो मऊ होणार नाही, हे मला पाठ होतं. तरी हाणला. तिसऱ्याचं डोकं उडून दिरांच्या पायाशी पडलं.

परीक्षकांनी फ्रीजरमधून आणलेल्या डबीतला एक रिव्हेट बोटांत फिरवला. "फ्रीजरमधून कधी काढले?"

"आत्ताच," हे म्हणाले आणि कालच्याच शर्टावरचा आइस्क्रीमचा गुलाबी डाग हाताने झाकला. दीर पंख्याकडे बघू लागले. पंखा बंद होता.

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या सासूबाईंना राहवेना. "काल दिवसभर डबी ओट्यावर होती. आइस्क्रीमचा डबा मावेना, म्हणून मीच काढली. संध्याकाळी हा हिचा नवरा भावाबरोबर आइस्क्रीम खायला गेला तेव्हा यानं पाहिली आणि गुपचूप आत सरकवली."

माझ्या जिवात जीव आला. परीक्षकही "मग पुन्हा घेऊ परीक्षा" म्हणाले. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या सासूबाई कसल्या?

"आणि हलका हात कुणाचा रे?" त्या लेकाकडे वळल्या. "बारा वर्षं तुझ्या शिक्क्याखालचा एकूण एक रिव्हेट हिनंच ठोकलाय."

परीक्षकांनी माझा कागद बाजूला सारला आणि ह्यांच्याकडे शिक्का परत मागितला.