परबमामा आणि विकतचा कर्णा

परबमामांकडे पाहुणा आला की ते त्याला दारात उभा करून खुर्ची आणायला जात. खुर्ची चाळीखालच्या मंडपवाल्याकडून यायची, भाड्यानं. पाहुणा घाईतला असला तर खुर्ची येईपर्यंत निघूनही जाई. मग मामा एकटेच त्या खुर्चीवर बसून भाडं वसूल करीत.

लालबागच्या आमच्या चाळीत गॅलरीच्या अगदी टोकाला त्यांची खोली. गिरणीत टाइमकीपर होते. बायको बाळंतपणाला सावंतवाडीकडे गेली ती परत आलीच नाही, मूलही राहिलं नाही. ही गोष्ट आम्ही चाळीत येण्याच्या कितीतरी आधीची. मामा स्वतः तिच्याबद्दल बोलत नसत. ते बोलत फक्त भाड्याबद्दल.

त्यांनी जन्मात काही विकत घेतलं नव्हतं असं म्हणणं फार होईल. धोतर आणि विडी त्यांची स्वतःची होती. पण गजराचं घड्याळ घड्याळजीकडून भाड्यानं, सायकल भाड्यानं, गणपतीत मोदक करायचं पातेलं भाड्यानं. पावसाळ्यात छत्री दुरुस्त करणाऱ्याकडे लोक विसरून गेलेल्या छत्र्या असत, त्यातली एक मामा मोसमापुरती घेत. दसऱ्याच्या सुमाराला ती इमानदारीनं परत. वर्तमानपत्र रद्दीवाल्याकडून आणायचं, वाचायचं, घडी घालून परत द्यायचं. कुणी काही विकत घेतल्याचं कानावर आलं की ते मान हलवत आणि मालवणीत म्हणत, "इकत कित्याक? भाड्यान गावता मां." म्हणजे विकत कशाला, भाड्यानं मिळतं की. मी नवा टेबलफॅन आणला तेव्हा हेच म्हणाले. मला मुलगी झाली तेव्हाही ते हेच म्हणतील अशी मला धास्ती होती, पण तेव्हा ते नुसतेच हसले.

एकदा दादरला एका लग्नाला जायचं होतं. माझा एकुलता एक कोट लाँड्रीत होता आणि लाँड्रीवाला अजून तयार नाही म्हणाला. मी नुसत्या शर्टावर गेलो. मांडवात परबमामा समोर आले, अंगात कोट. डाव्या खिशावर शाईचा डाग होता, आणि तो माझ्याच पेनचा होता. मी डागाकडे बघतोय हे पाहून मामा समाधानानं म्हणाले, "कोट कोणाचो तो म्हायत नाय. पण माका बरो बसता." खरोखरच तो माझ्यापेक्षा त्यांना बरा दिसत होता. मी काही बोललो नाही. बायको मात्र घरी येईपर्यंत बोलत होती.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. कुणी मोर्चात होता, कुणी तुरुंगात जाऊन आला होता. मी फोर्टातला कारकून. तुरुंगात जाण्याइतकी रजा शिल्लक नव्हती, म्हणून गाणी रचत होतो. 'महाराष्ट्रा'ला यमक जुळवणं किती कठीण आहे हे मला त्याच काळात समजलं. राष्ट्र आणि सौराष्ट्र संपले की माणूस उघड्यावर पडतो. चाळीतल्या पाचसात जणांनी मिळून कलापथक काढलं होतं. अक्षर बरं म्हणून मला त्याचा चिटणीस केलं, आणि चिटणिसाला नको कसं म्हणायचं म्हणून मला गाऊही देत. ढोलकीवर परबमामा. ढोलकी भाड्याची, हे सांगायला नकोच.

लाउडस्पीकरही भाड्याचा होता. नाक्यावर अब्बासभाईंचं दुकान होतं. लग्न, बारसं, सत्यनारायण, सभा, सगळ्यांना तेच कर्णे पुरवीत. कर्ण्याबरोबर त्यांचा एक माणूस यायचा, तारा जोडायचा आणि कार्यक्रम संपेपर्यंत अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीशेजारी डुलक्या काढायचा. एका संध्याकाळी करी रोडच्या चाळीच्या पटांगणात आमचा कार्यक्रम होता. त्याच दिवशी परळला लग्नाची वरात होती आणि अब्बासभाईंनी एकच कर्णा दोघांना कबूल केला होता. मी माझ्याच गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात असताना तो माणूस शांतपणे उठला, माझ्या हातातला माइक अदबीनं काढून घेतला आणि म्हणाला, "टाइम हो गया साब." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या गाण्याला होत्या असं मी आजही मानतो. बायकोचं मत वेगळं आहे.

दुसऱ्याच दिवशी मी बैठक बोलावली. लाउडस्पीकर विकत घ्यावा की भाड्यानंच आणत राहावं, एवढा एकच विषय. आता आमचे दौरे मुंबईबाहेर निघायचे होते. जुन्नरकडची गावं बोलावत होती, नाशिककडची बोलावत होती. मी दीड तास बोललो. ज्याचा आवाज भाड्याचा तो लढा कसला लढणार, असं एक वाक्य मी आदल्या रात्री तयार केलं होतं, ते दोनदा म्हटलं. मामांचं म्हणणं थोडक्यात होतं. भाड्याच्या यंत्राबरोबर ते सांभाळणारा माणूस येतो. ते आजारी पडलं तर काळजी अब्बासभाईंना. आणि काम झालं की ते परत जातं; विकतचं जाणार कुठे? त्यावर मी आवाज चढवून विचारलं की मग आपण राज्यही भाड्यानं मागायचं का. सगळे हसले, ठराव पास झाला. मामांनीही हात वर केला. वर्गणीत त्यांची रक्कम सगळ्यांपेक्षा जास्त होती हे मला नंतर कळलं.

जुना पण धडधाकट असा एक संच मिळाला. एक पेटी, एक माइक, मोठा पितळी गळ्याचा कर्णा आणि खेड्यात वीज नसेल तिथे चालवायला मोटारीची बॅटरी. ठेवायचं कुठे हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण ठराव माझा होता. आमच्या एका खोलीत पेटी पलंगाखाली गेली, कर्णा कपाटावर चढला आणि बॅटरी मोरीत बसली. पहिल्याच आठवड्यात बॅटरीतल्या तेजाबानं बायकोच्या चांगल्या लुगड्याला भोक पाडलं. मुलगी कर्ण्याला घाबरून त्या बाजूला तोंड करून झोपेना. बायको मला एवढंच म्हणाली की परबमामा शिकलेले नाहीत, पण तुमच्यापेक्षा त्यांना समजतं.

जुन्नरकडच्या पहिल्याच गावी पेटीनं मान टाकली. देवळासमोर माणसं जमलेली, मी माइकपुढे उभा, आणि कर्ण्यातून नुसता म्हातारा दमेकरी खोकावा तसा आवाज. मग सगळे माझ्याकडे वळले. पेटीबरोबर येणारा माणूस आता मी होतो. मी पेटीचं मागचं झाकण उघडलं, आत बघितलं, चेहऱ्यावर समजल्याचा भाव आणला आणि झाकण परत लावलं. मामा पुढे बसले आणि त्यांनी ढोलकीवर थाप मारली. तो सबंध कार्यक्रम आम्ही उघड्या गळ्यानं केला. माझा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे गेला नाही, आणि गावकऱ्यांनी आम्हाला पुन्हा यायचं आमंत्रण दिलं. परतताना मामा मला टोमणा मारतील म्हणून मी वाटभर डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. त्यांनी फक्त माझ्या मांडीवरची पेटी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली.

पेटी दुरुस्त झाली, पुन्हा बिघडली, पुन्हा झाली. गाणी चालू राहिली. आणि एक दिवस मुंबईसह महाराष्ट्र झाला. लालबागला गुलाल, पेढे, झेंडे. आमचा कर्णा त्या दिवशी सकाळपासून गात होता आणि एकदाही खोकला नाही.

त्यानंतर कलापथकाला गायला विषय उरला नाही. एकजण युनियनच्या कामाला लागला, एकाची बदली झाली, बाकीचे संध्याकाळी पत्ते खेळू लागले. संच मात्र राहिला तो माझ्या घरात. विकतचं जाणार कुठे, हे मामांनी सांगितलंच होतं. अब्बासभाईंना घेता का म्हणून विचारलं तर त्यांनी पेटीवर हात फिरवला आणि म्हणाले, "ये तो हमारे माफिक बुढ्ढा हो गया साब." बायकोनं बॅटरी सोडून सगळं एका गोणपाटाच्या पिशवीत बांधून वर घट्ट गाठ मारली आणि पलंगाखालून बाहेर डोकावणाऱ्या त्या पिशवीला रोज अडखळून रोज मला ऐकवू लागली.

अशात एका शनिवारी परबमामा दारात उभे राहिले. उद्या एका सत्यनारायणाला लाउडस्पीकर पाहिजे होता म्हणाले, भाडं काय घेशील. मी म्हटलं, मामा, तो तुमचाही आहे, घेऊन जा. त्यांना ते अजिबात पटलं नाही. "नको शिरपाद. फुकट घेतलेला परत करूचा माणसाक याद रवणा नाय." भाडं त्यांनी मुलीच्या हातात ठेवलं आणि पिशवी खांद्यावर टाकून गेले. सोमवारी संध्याकाळी गिरणी सुटल्यावर पिशवी परत आली. बायकोनं चहा केला. मामा भिंतीला टेकून बसले, कार्यक्रम कसा झाला ते त्यांनी सांगितलं, मुलीला मांडीवर घेऊन तिला बोटांनी ढोलकीचे बोल ऐकवले आणि दिवेलागणीला उठले.

मग हे दर आठवड्याला सुरू झालं. कधी करी रोडला बारसं, कधी परळला पूजा, कधी शीवला मंडळाची सभा. माझ्या ठरावाचं एवढ्या उशिरा का होईना सार्थक झालं म्हणून मी खूश होतो. एका सोमवारी तर मामा म्हणाले की शीवच्या कार्यक्रमात एका गायकानं माझं गाणं म्हटलं. मी बायकोकडे बघितलं. ती चहा गाळत होती.

त्याच आठवड्यात दादरच्या एका मंडळाचे लोक आले. त्यांना संच विकत हवा होता आणि ते बरी किंमत देत होते. सोमवारी कळवतो असं मी सांगितलं. बायकोनं देवापुढे साखर ठेवली.

रविवारी मामा पुन्हा शीवला जाणार होते. संच विकायच्या आत आपलं गाणं एकदा परक्याच्या तोंडून ऐकावं असं माझ्या मनात आलं. घरी सांगायची लाज वाटली, म्हणून ऑफिसच्या मित्राकडे जातो म्हणालो. तो डागाचा कोट घातला आणि शीवला मामांनी सांगितलेल्या पटांगणात जाऊन उभा राहिलो. पटांगणात कपडे वाळत होते. मी तिथल्या लोकांकडे चौकशी केली. कसला कार्यक्रम, असं त्यांनीच मला विचारलं. गेल्या रविवारीही काही नव्हतं.

दुपारी चाळीत परतलो तेव्हा मामांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, फटीतून आतलं दिसत होतं. गोणपाटाची पिशवी कोपऱ्यात होती, तशीच बांधलेली. मामा तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसले होते. वाचत नव्हते, विडी ओढत नव्हते, काहीच करत नव्हते. मी पाय न वाजवता आमच्या खोलीत आलो आणि बायकोला सगळं सांगितलं.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला पहिल्या सोमवारीच कळलं. माझी गाठ सुटलेलीच नव्हती."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? परत द्यायला म्हणून माणूस घरी येतो, घोटभर चहा घेतो. नुसतं या म्हटलं असतं तर आले असते का ते?"

मला मामांची ती घड्याळं, छत्र्या, सायकली, पातेली आठवली. प्रत्येक वस्तू परत न्यायची म्हणजे एका दुकानाच्या पायरीवर बसायचं, चार शब्द बोलायचे. विकत घेतलेल्या घड्याळासाठी कुणी कुणाकडे जात नाही. एवढी वर्षं मी त्या माणसाला चिक्कू समजत होतो, आणि हे माझ्या बायकोला एका गाठीवरून कळलं होतं.

तांदूळ निवडून झाल्यावर तीच म्हणाली, "दादरवाल्यांना नाही म्हणून सांगा. संच राहू दे आपल्याच पलंगाखाली."

सोमवारी संध्याकाळी मामा आले. पिशवी जागेवर ठेवली, भिंतीला टेकून बसले. बायकोनं चहा पुढे केला आणि शीवला गर्दी होती का म्हणून विचारलं. मामा म्हणाले, बरीच होती, बायामाणसंही होती. मग कपातला चहा बशीत ओतत ते माझ्याकडे वळले.

"शिरपाद, तुझा गाणा म्हटल्यान परत. लोकांनी दोनदा म्हणूक लावल्यानी."

शीवच्या पटांगणात काय होतं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलो होतो. बायको माझ्याकडे रोखून बघत होती, मी आता काय बोलतो म्हणून.

"शेवटचं कडवं म्हटलं का मामा?" मी विचारलं.

मामांनी थोडा विचार केला.

"म्हटल्यान मां," ते म्हणाले. "तेव्हा तर सगळे गप रवले."

मला फार बरं वाटलं.