सात घरांची मंडई

“यंदाच्या मंडईले एकबी पाहुणा सुटला, तं मी सेवकराम नाई!” सेवकरामानं चुलीसमोर उभं राहून जाहीर केलं.

निर्मलाबाईनं मान वर केली नाही. मागच्या मंडईला, दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, एकोडी गावात सगळ्यांचे सोयरे आले, दंडारीचं नाचगाणं पाहून, वडे खाऊन गेले. फक्त तिच्या सख्ख्या भावाला, सानगडीच्या मनिरामला, बोलावणं धाडायचं हा गृहस्थ विसरला! तेव्हापासून मनिराम रुसलेला. राखीलाही आला नाही.

“माह्या भावाले तुमी हातानं चिठ्ठी लिवा,” ती म्हणाली.

“हातानं? अठ्ठ्याऐंशी साल चालू हाये, निर्मला!”

सेवकराम साकोलीच्या एका राइस मिलमध्ये कारकून, आणि मिलमध्ये नुकताच कॉम्प्युटर आला होता. चार वर्षांपूर्वी नागपुरात कोर्स करताना त्यानं स्वतःच्या डोक्यानं एक प्रोग्राम लिहिला होता. एका यादीत घरं, दुसरीत पाहुणे. प्रोग्राम दोन्ही याद्या जुळवून हवं ते काढून देणार. पण तो चालवायला मशीन कुठलं? त्याची फ्लॉपी आजवर ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली झोपून होती. तिला आता उठवायचं ठरलं. उत्साहाच्या भरात त्यानं आळीतल्या बाकी सहा घरांची बोलावणीही अंगावर घेतली.

मशीन नवं, प्रोग्राम जुना. दरवेळी तो एकाच ओळीवर येऊन अडायचा. सेवकरामानं त्याला गोंजारलं, शिव्या दिल्या, उदबत्तीसुद्धा ओवाळली. शेवटी वैतागून ती ओळच पुसून टाकली. आणि काय सांगावं! प्रोग्राम सुसाट सुटला! प्रिंटर करकरत चिठ्ठ्या ओकू लागला. ढीग वाढतच गेला.

“यंत्र हाये, काम जास्तच करन!” सेवकराम कौतुकानं म्हणाला. पहिली चिठ्ठी मनिरामची, खाली नाव सेवकरामचं. झालं! बाकीच्या कोण वाचत बसतो? त्यानं ढीग सानगडीच्या बाजारात धाडला. तिथून ज्या त्या गावच्या लोकांनी चिठ्ठ्या नेल्या.

मंडईच्या दिवशी सकाळीच दारात पाच माणसं उभी.

“सेवकरामजी तुमीच? तुमची चिठ्ठी भेटली.”

“आपण कोण जी?”

“गोमाजीचे व्याही.”

गोमाजी म्हणजे कोपऱ्यावरचा शेजारी. त्याचे व्याही इथं कसे? पण हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव! बोलावलेल्या माणसाला उपाशी कसं धाडायचं? बसवलं, वाढलं. ते हात धुतात तोच आळीतल्याच धनीरामच्या सासुरवाडीची बैलगाडी दारात!

तेवढ्यात गोमाजी धापा टाकत आला.

“अबे सेवकराम, तुह्या मावशीचं अख्खं खटलं माह्या घरी जेवून राहिलं! अन् माहे व्याही कोठी हायेत?”

“माह्या घरी.”

“काहून?”

काहून ते आता सेवकरामला कळलं. सातही घरांच्या नावानं प्रत्येक पाहुण्याला चिठ्ठी गेली होती! पाहुण्यांना उठवावं, तर जो तो चिठ्ठी नाचवत होता. दुपारपर्यंत निर्मलाबाईनं भावासाठी झाकून ठेवलेलं मटणही गेलं.

“आता तो आला अन् उपाशी गेला, तं जन्मात तोंड दाखवणार नाई,” म्हणून ती रडायलाच लागली. सेवकरामला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

दिवस कलताना मनिराम आला. खांद्याला थैली, एक हात पोटावर, चाल गाभण म्हशीची.

“बाई, रागावू नको वं. आळीच्या तोंडापासून सुरू केलं, सहा घरं जेवलो. कोणाले नाई कसं म्हणू? मागच्या साली एका घरानं विचारलं नाई, यंदा सात घरानं बोलावलं! माहा राग गेला. पण आता तुह्या घरचा एक घासबी जात नाई.”

निर्मलाबाईनं मटणाच्या रिकाम्या गंजात डोकावून पाहिलं आणि रडता रडता हसायला लागली.

“तू जेवली काय?” मनिरामनं विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली. त्यानं थैली उघडली. सहाही घरांनी बांधून दिलेले वडे निघाले. सकाळपासून उपाशी यजमान पाहुण्याच्या शिदोरीवर तुटून पडले.

दुसरा वडा खाताना निर्मलाबाईनं विचारलं, “तुमी पुसली ते ओळ कायची होती जी?”

“कोणता पाहुणा कोणत्या घरचा,” सेवकराम पुटपुटला. “तेवढीच.”

“मंग बाकीच्या प्रोग्रामात होतं काय?”

सेवकरामानं अख्खा वडा तोंडात कोंबला.