साहेबांचे मेश्रामकाका

तिकिटाच्या खिडकीत डोकं घालून मेश्रामकाकांनी विचारलं, "कुत्रं वाचते का?"

आतल्या पोराने बाहेरच्या पोस्टरकडे मान वळवली. पोस्टरवर हिरो आणि त्याचा कुत्रा. "कार्टून नाई ना काका, साधा पिच्चर आहे. कुत्रं कायले वाचते!"

"चला ताई, मरते ते," म्हणून काका मागे फिरले. त्या पोराच्या मनात पुस्तक होतं आणि काकांच्या मनात कुत्र्याचा जीव, हे मी समजावून सांगेपर्यंत ते ऑटोत बसलेही होते.

मेश्रामकाका नालवाडीत आमच्या शेजारी राहतात. एका सरकारी कचेरीत शिपाई म्हणून लागले आणि बाबू होऊन निवृत्त झाले. निवृत्तीनंतर रस्त्यावरचं एक तांबूस पिल्लू घरी आणलं आणि त्याचं नाव ठेवलं साहेब. "जिंदगीभर साहेबानं मले बोलावलं, आता मी साहेबाले बोलावतो," हा त्यामागचा हिशोब. पण जुनी सवय जाते कुठे! "साहेब, उठता का? साहेब, पोळी थंडी होऊन राह्यली जी!" अशी हाक ऐकली की आमची गल्ली समजते, काकांची कचेरी उघडली. साहेब अर्थातच पहिल्या हाकेला येत नाहीत.

काकू गेल्यापासून दोघं मिळून टीव्हीवर पिक्चर बघतात. अट एकच, त्यात कुत्रा हवा आणि तो शेवटपर्यंत जिवंत हवा. त्यामुळे पिक्चर आधी मी बघायचा आणि कुत्र्याची खुशाली कळवायची, असं काम माझ्याकडे आलं. हिरोचं काही का होईना! एकदा मी म्हटलं, "काका, यात शेवटी सगळं घरदार मरतं." ते म्हणाले, "ते असू द्या. कुत्र्याचं सांगा."

पिक्चरमधले कुत्रे काय काय करतात! चोर पकडतात, बाळाला विहिरीतून काढतात, मालक परत आला की फाटकापर्यंत धावत जातात. आमच्या साहेबांनी यातलं काहीएक केलेलं नाही. काकांची सायकल चोरीला गेली तेव्हा साहेब तिच्याच सावलीत झोपले होते. मी हसले तर काका दुखावले. "काऊन हसता ताई? रविवार होता. सुट्टीच्या दिवशी साहेबाले कोन डिस्टर्ब करते?" इतक्या निष्ठेने कुणी कुणाची बाजू घेतलेली मी पाहिली नाही. मला तर हेवाच वाटतो.

गेल्या वर्षी काकांच्या छातीत दुखलं, स्टेंट बसवावा लागला. पुण्याचा मुलगा न्यायला आला. चांगला मुलगा आहे, पण सुनेला कुत्र्याची ॲलर्जी. काका म्हणाले, "साहेबाची बदली होत नाई," आणि विषय संपवला. मुलगा गेल्यावर मात्र मला म्हणाले, "मी आहो तोवर ठीक आहे जी. मंग याचं कसं?"

उन्हाळ्यात माझी भाची रेवती आली. ती सिनेमाचं शिकते. तिच्या छोट्या फिल्ममध्ये म्हातारा मरतो आणि त्याचा कुत्रा खाटेपाशी बसून राहतो. कुत्रा जगतो म्हटल्यावर काकांनी साहेबांना त्यात काम करायची लगेच परवानगी दिली. पण साहेब परक्या नटाजवळ फिरकेनात. शेवटी काका म्हणाले, "मीच मरतो ना! मरनं काय कठीन आहे?"

अंगणात खाट टाकली. काका डोक्यावरून पांढरी चादर घेऊन निजले. साहेब आले, त्यांनी वास घेतला. पंजाने चादर ओढून पाहिली. मग खाटेवर पुढचे पाय टेकून असं काही रडू लागले की माझ्या अंगावर काटा आला. रेवती "कट, कट" म्हणत राहिली. साहेब थांबेनात आणि काका उठेनात. मला तो स्टेंट आठवला. मी धावत जाऊन चादर ओढली.

काका जिवंत होते. डोळे उघडे, पाणी कानापर्यंत ओघळलेलं. म्हणाले, "ताई, इतके पिच्चर पाह्यले, कुत्रं मरू नाई एवढंच पाह्यलं. मांगं राह्यलेलं कुत्रं कसं रडते, हे आजच आयकलं."

दुसऱ्या दिवशी ते फाटकाशी आले. "ताई, साहेब रोज संध्याकाळी तुमच्याकडं जेवतीन. आतापासून सवय लागली पायजे. मी समोर असलो तं ते तुमच्या हातचं खानार नाईत." मी मान हलवली. काका भिंतीआड जाऊन उभे राहिले. ज्याच्यावाचून एक दिवस जात नाही, त्याला स्वतःवाचून जगायला शिकवणारा हा माणूस किती मोठा, असं मला त्या क्षणी वाटलं.

मी पोळी पुढे केली. साहेबांनी ती अदबीने तोंडात धरली आणि फाटकाबाहेर चालू लागले. मी मागोमाग गेले. भिंतीआड उभ्या असलेल्या काकांच्या पायाशी त्यांनी पोळी ठेवली आणि शेपूट हलवत वर बघू लागले.

"असं नाई करा लागत जी, साहेब," काका म्हणाले. दोनदा म्हणाले. मग तिथेच मातीत बसले, पोळीचे दोन तुकडे केले आणि लहान तुकडा स्वतःच्या तोंडात घातला. मी दुसरी पोळी आणायला आत गेले.