व्याह्यांचं अस्वल

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. त्या दिवशी जे झालं त्यात रायफलचा दोष नव्हता आणि माझा तर मुळीच नव्हता! आमचे व्याही ती हकीकत ज्या थाटात सगळीकडे रंगवून सांगताहेत, ती ऐकून माझं डोकं फिरतं. म्हणून खरा प्रकार मलाच लिहावा लागतोय.

आमच्या गौरांगीचं लग्न ठरलं ते इथल्याच, कॅनडातल्या नॉर्थ बेच्या ग्लेनरावांच्या मुलाशी. नाव नुसतं ग्लेन, पण व्याही म्हटल्यावर 'राव' लावणं भाग आहे. दारात उभे राहिले तर उजेड अडवतील असा देह आणि दरवर्षी फॉलमध्ये, म्हणजे पानगळीत, अस्वलाची शिकार! पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या ताटात डोकावून विचारलं, "हेम, यू गाईज आर व्हेजिटेरियन, राइट?"

मला! कोल्हापुरात तांबड्या रश्श्यावर पोसलेल्या माणसाला! मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "ग्लेनराव, या फॉलला शिकारीला मीही येणार. माझी स्वतःची रायफल घेऊन!"

"बाबा, बेसमेंटमध्ये उंदीर आला तेव्हा यू लॉक्ड युअरसेल्फ इन द वॉशरूम," गौरांगी सगळ्यांसमोर म्हणाली. लग्नाआधीच सासरची झाली होती पोरगी!

आता प्रश्न मुलीकडच्यांच्या अब्रूचा होता. मी कोर्स केला, लायसन्स काढलं आणि रायफल निवडायला बसलो. जन्मभर पंप डिझाइन केलेला मेकॅनिकल इंजिनियर आहे मी. उलटून अंगावर येणाऱ्या जनावरासमोर रायफल देखणी नको, भरवशाची हवी! म्हणून बोल्ट-अ‍ॅक्शन. बोल्ट म्हणजे दाराच्या कडीसारखा दांडा. वर उचलून मागे ओढला की वापरलेलं काडतूस बाहेर, पुढे ढकलून खाली पाडला की नवं आत. तरीही आमच्या मार्कहॅमच्या बंदुकांच्या दुकानदाराला मी भंडावून सोडलं. काडतूस बुडाशी पकडणारं नख किती रुंद? ऐन वेळी निसटलं तर? काडतुसाला ठोका देणारी पिन किती जोरात टोचते?

"सर, मोस्ट पीपल जस्ट आस्क द प्राइस," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

मोस्ट पीपलना ग्लेनराव व्याही नसतात!

घरी आणून मी बोल्ट पॉलिश केला. मग खोटी काडतुसं घेऊन रोज बेसमेंटमध्ये खटाखट सराव. शेवटी सगळ्यात महत्त्वाचं काम केलं. थंडीत तेल घट्ट होतं आणि पिन आळसावते, म्हणून बोल्टमधलं कंपनीचं तेल थेंबन् थेंब पुसून काढलं. बोल्ट एकदम कोरडा ठणठणीत! एवढी काळजी कोणी घेतली असेल तर दाखवा मला.

आणि मग दसरा आला.

दरवर्षी माझी बायको मृणालिनी शस्त्रपूजेला लॅपटॉप, गाडी आणि अंगणातला बर्फ उडवणारा स्नोब्लोअर पुजते. यंदा तिचा आनंद गगनात मावेना. "अहो, इतकी वर्षं स्नोब्लोअरला हळदकुंकू वाहिलं. यंदा घरात खरं शस्त्र आहे!" मी रिकामी रायफल कुलपातून काढून टेबलावर ठेवली आणि बोल्ट काढून शेजारी पाटावर. तेवढ्यात ग्लेनरावांचा फोन आला. खिडकीशी उभा राहून मी त्यांना रायफलच्या विश्वासार्हतेवर लांबलचक व्याख्यान दिलं. मागे वळून पाहतो तो सगळ्यावर झेंडू आणि अक्षता!

पूजा झाल्यावर बोल्ट बसवून फिरवला आणि थक्क झालो. लोण्यासारखा फिरत होता!

"बघ, याला म्हणतात पॉलिशिंग!" मी म्हणालो.

"हो का?" म्हणून मृणालिनी हसली. ते हसणं मला कौतुकाचं वाटलं.

शिकारीच्या दिवशी नॉर्थ बेच्या जंगलात डबक्यांवर बर्फाची साय धरली होती. अस्वलासाठी आमिष म्हणून ग्लेनरावांनी शिळ्या डोनट्सचं पिंप ठेवलेलं. मला ओंडक्यांच्या आडोशामागे बसवून ते स्वतः पलीकडच्या झाडावरच्या मचाणावर चढले. मी रायफल भरली आणि बसलो. सकाळभर बसलो. नाकाचा शेंडा बधिर झाला, आणि तेवढ्यात अस्वल आलं!

काळंभोर, धिप्पाड. पिंपापाशी गेलं, डोनट हुंगला. मग नाक वर करून हवेत वास घेतला आणि डोनट सोडून सरळ माझ्याकडे निघालं!

"शूट, हेम! यू आर इन माय वे! शूट!" ग्लेनराव ओरडले.

मी नेम धरला. चाप ओढला.

टुक्.

एवढंच! पिन आत कुठेतरी सपाता घालून हळूहळू चालल्यासारखी सरकली आणि थांबली. बोल्ट उचलायला गेलो तर हलेना. तळव्याने ठोकला, तशी फटीतून पांढरी, थिजलेली पेस्ट डोकावली आणि अगदी ओळखीचा वास आला. खोबरेल!

"मृणालिनी!!" मी जीव खाऊन ओरडलो. भीतीपेक्षा संतापच जास्त होता, हे मुद्दाम नमूद करतो.

अस्वल तोवर पोचलं होतं. त्याने ओंडक्यावरून तोंड आत घातलं. मी रायफल तिथेच ओंडक्यावर टाकून मागच्या कोपऱ्यात सरकलो, आणि ते शांतपणे माझा पॉलिश केलेला बोल्ट चाटायला लागलं! अगदी मन लावून. शेवटी ग्लेनरावांनी खाली उतरून शिट्टी फुंकली, पिंप बडवलं, तेव्हा कुठे ते ओठ चाटत जंगलात गेलं.

मी ट्रकमध्ये बसून घरी फोन लावला. "तू बोल्टमध्ये तेल घातलंस?"

"मग? कोरडं शस्त्र पूजेला ठेवतात का?" मृणालिनी उलट माझ्यावरच चिडली. "चांगलं कोमट करून आतपर्यंत सोडलं! तुम्हीच म्हणालात ना, लोण्यासारखा फिरतो म्हणून?"

मुलीकडच्यांची अब्रू गेली होती आणि बाहेर ग्लेनराव जमिनीवर बसून डोळे पुसत हसत होते. मग ते उठले आणि त्यांनी माझ्या हातातून फोनच घेतला.

"मॅम, ऑल माय लाइफ, नो बेअर एव्हर वॉक्ड पास्ट माय डोनट्स! व्हॉट इज दॅट ऑइल?"

पुढे दोघं बराच वेळ बोलत होती. मध्येच मला तिचं खिदळणंही ऐकू आलं.

पुढच्या फॉलच्या शिकारीचं सन्मानाचं आमंत्रण आलेलं आहे. मृणालिनीला! तिने लायसन्सच्या कोर्सला नावही घातलं. तेवढी हायवेवर गाडी चालवायची तिला भीती वाटते, म्हणून ड्रायव्हर म्हणून माझी निवड झाली आहे. एकमताने!