काळे पाय

सासूबाई कृष्णाबाईंना अंधेरीला नणंद दिशाकडे सोडायचं आणि वाटेत पवई तलावावर थोडं थांबायचं, असा नमिताचा बेत होता. ती घाटकोपरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी पक्षी बघते. गेल्या रविवारी तिला याच तलावावर काळ्या पायांचा कुरव, म्हणजे सीगल, दिसला होता. इथल्या बाकी सगळ्या कुरवांचे पाय लाल. पण पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपचे प्रमुख चंद्रप्रकाश सर म्हणाले, "चिखलात उभा असेल. फोटो आहे?" फोटो नव्हता. ग्रुपवर कोणीतरी हसणारा चेहरा टाकला. तो चेहरा नमिताला आठवडाभर छळत होता.

आज सर स्वतः खात्री करायला येणार होते. त्यांच्या सूचना सकाळीच आल्या होत्या: भडक कपडे, गप्पा आणि तीव्र वासाचे पदार्थ टाळावेत.

कृष्णाबाई लाल साडी नेसून रिक्षातून उतरल्या. हातात दिशासाठी विक्रोळीच्या जया मासेवालीकडून घेतलेल्या सुक्या बोंबलांची पिशवी होती.

काठच्या चिखलात शेकाट्या पक्षी लांब गुलाबी पायांवर उभे होते. एक तुतवार शेपटी हलवत चिखल टोचत फिरत होता.

"ह्येचा काय हरावला गो हय?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"खाणं शोधतोय, आई. हळू बोला."

"माज्या बोलण्यान ह्येचा पोट भरूचा रव्हता काय?"

चंद्रप्रकाश सरांनी भल्यामोठ्या लेन्सवरून डोकं वर केलं आणि नाक आक्रसलं. "नमिता, हा वास कसला? पक्षी उडतील ना. ती पिशवी तिकडे कठड्यावर ठेव, लांब."

मासे खाणारा पक्षी माशाच्या वासाने पळेल, हे नमिताला पटण्यासारखं नव्हतं. पण नोंद मान्य करणार होते सर. तिने मुकाट्याने पिशवी कठड्यावर नेऊन ठेवली.

कुरवांचा थवा दूर पाण्यावर तरंगत होता. तरंगणारा कुरव पाय दाखवत नाही, तेव्हा वाट बघण्याला पर्याय नव्हता. तिने कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, एकेक पक्षी बघत गेली आणि डाव्या कडेला तिला तो सापडला. मानेवर गेल्या रविवारचाच करडा डाग. तिने बोट बटणावर ठेवलं. कुरवाने पंख उचलले. आता उठणार, आता पाय दिसणार.

"नमिता, पिशवी!" कृष्णाबाई ओरडल्या.

चौदा वर्षांच्या संसारात ही हाक आली की नमिताचे पाय आपोआप धावत. आजही धावले. अर्ध्या वाटेवर गेल्यावर तिच्या लक्षात आलं की कॅमेरा मागेच राहिला.

अख्खा थवा कठड्यावर उतरला होता. पिशवी फाटली होती, बोंबील हवेत होते. सर ओरडत होते, "सरक, सरक, मध्ये येतेस तू!" पण त्यांची लेन्स इतकी लांब पल्ल्याची, की जवळचा कुरव तिच्यात नुसता पांढरा धूर दिसत होता. नमिताने ओढणी फडकावली, तसे कुरव उडाले आणि तलावापलीकडे निघून गेले. पिशवीत थोडा चुरा उरला.

"होता का त्यात?" सरांनी विचारलं.

"होता."

"पाय?"

नमिताने मागे राहिलेल्या कॅमेऱ्याकडे बघितलं.

"मग नाही मान्य करता येणार. नियम म्हणजे नियम, यार."

एवढ्यात कृष्णाबाई मोबाइल घेऊन सरांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. "ओ मास्तर, पिशवी थंय ठेवूक तुमीच सांगलास ना? आता दिशा म्हणतली, आये रिकाम्या हातान इली. म्हणान मी चोराचो फोटो काढलंय. ह्यो बघा."

सरांनी नाइलाजाने बघितलं. मग दोन बोटांनी फोटो मोठा केला. मग चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं. कठड्यावर एक कुरव चोचीत आडवा बोंबील धरून उभा होता. पाय काळेभोर, स्वच्छ, कोरडे. शेजारी दोघे लाल पायांचे, तुलनेसाठी मुद्दाम उभे केल्यासारखे.

"चिखल नाही," सर म्हणाले.

"नाही," नमिता म्हणाली.

"नोंद पक्की. फक्त..." सरांनी घसा खाकरला. "फोटो ज्याचा, नोंद त्याच्या नावावर. तुला माहितीये."

नमिताला माहीत होतं. हा नियम ठरला तेव्हा तिनेच हात वर केला होता.

दोघी अंधेरीच्या रिक्षात बसल्या.

"वायट वाटला तुका?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

"माका वाटला. जयाचे बोंबील होते."

अंधेरी येईपर्यंत ग्रुपवर कृष्णाबाईंचं अभिनंदन सुरू झालं होतं. त्यांच्या सांगण्यावरून नमिता एकेक निरोप मोठ्याने वाचत होती. शेवटी सरांचा आला, पुढच्या रविवारच्या सूचनांचा. भडक कपडे टाळावेत, गप्पा टाळाव्यात.

वासाबद्दल काही नव्हतं. त्याखाली सरांनी लिहिलं होतं: नमिता, आईंना घेऊन ये. पिशवीसकट.