लॅमिनेशन केलेलं परमिट

ओट्यावर टक् असा आवाज झाला आणि वरसे गावातल्या घरातली दुपारची शांतता मोडली. नम्रताने वळून पाहिलं. सासऱ्यांनी, म्हणजे कमळाकरांनी, तिचं परदेशात गाडी चालवायचं परमिट तिच्यापुढे ठेवलं होतं. शेजारच्या अष्टमी गावातल्या दुकानातून लॅमिनेशन करून.

कमळाकरांना उघडा कागद बघवत नसे. सातबारा, रेशनकार्ड, झालंच तर मुलाची, निकेशची, लग्नपत्रिका, सगळं त्यांनी प्लास्टिकमध्ये घातलं होतं. पण परमिट ही पुस्तिका होती, आणि ती मिटलेलीच आत गेली होती.

"बाबा, हे आता उघडायचं कसं?"

"उघडायचं कशाला गो? आता पाण्यात पडलं तरी काय व्हायचं नाय."

नम्रताने ती उलटसुलट करून पाहिली. रविवारी तिचं आणि लेक भूमिकाचं विमान होतं. निकेश दोन वर्षं कंपनीच्या कामावर जर्मनीत होता. सुट्टी मिळाली ती एका आठवड्याची, आणि त्याला गाडी येत नव्हती. नम्रता भाड्याची गाडी चालवणार आणि बापलेक मागे बसून पोटभर गप्पा मारणार, असं ठरलं होतं. परमिटशिवाय तिथे कुणी किल्ली देणार नव्हतं.

तिने कात्रीने कडा कापल्या. प्लास्टिकबरोबर वरचं पानही सोलून आलं.

"इस्त्री फिरव, सुटंल," सासूबाई धोंडुबाई म्हणाल्या.

इस्त्री फिरवली. सुटलं काहीच नाही. फोटोतल्या नम्रताचं नाक मात्र कानापर्यंत गेलं.

धोंडुबाईंनी निरखून पाहिलं. "वळखू येतंय तसं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सगळे पेणच्या आरटीओत. खिडकीतल्या बाईंनी तो ऐवज दोन बोटांत धरला.

"काय केलंत याचं?"

"जपलं," कमळाकर म्हणाले.

बाईंनी नवा अर्ज पुढे सरकवला.

शुक्रवारी नवं परमिट मिळालं. परतीच्या एसटीत कमळाकर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. त्याला बोट लावायला तयार नव्हते. गडब गाव मागे पडलं तशी भूमिकाने आईच्या मांडीवरची पुस्तिका उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"आई, हे किती दिवस चालतं?"

"एक वर्ष."

"मग?"

"मग संपतं. त्याच्या आत घरी यायचं."

"ते बरं हाय," कमळाकर खिडकीबाहेर बघत म्हणाले.

भूमिकाने पुस्तिका मिटून आईच्या हातात दिली.

"आई, पप्पांचं कधी संपणार?"