हात दाखवा, गालीमोटार थांबवा

आकाशात विमान दिसलं, की आमचे मारोतराव वांगी तोलता तोलता तराजू खाली ठेवतात, तेलंगणाच्या सीमेवरच्या बेला गावी बसस्टँडच्या मधोमध जाऊन उभे राहतात, बसला दाखवावा तसा हात वर करतात आणि ओरडतात, "आपू! आपू!" आपू म्हणजे तेलुगूत थांब. विमान थांबत नाही. मग मारोतराव मराठीत सुरू होतात. त्या शिव्या इथे लिहिल्या, तर मला घरात जेवायला मिळणार नाही.

इकडची तेलुगू माणसं विमानाला गालीमोटार म्हणतात. गाली म्हणजे वारा. मारोतरावांनी मात्र हिंदीतली गाली धरली. "नावच गालीमोटार हाय, मंग मी काऊन गप राहू?" माझं कापडाचं दुकान त्यांच्या भाजीच्या दुकानासमोरच, त्यामुळे हा तमाशा मला रोज फुकटात.

आदिलाबादला बस किती वेळात नेते, असं कुणी विचारलं, तर ते म्हणतात, "तेवढ्यात ते हैदराबादून नागपूरले उतरते." खोटं नाही. सव्वा तासात विमान दोन शहरं जोडतं आणि तेवढ्याच वेळात आमची बस सगळे खड्डे जोडते. आदिलाबादला निजामाच्या काळचं विमानाचं मैदान आहे. दर निवडणुकीत तिथे भाषणातून विमान उतरतं आणि निकाल लागला की पुन्हा गुरं चरतात. "मैदान हाय, मी हात दाखवून राह्यलो. पाच मिनिटं टेकवाले त्याच्या बापाचं काय जाते?"

लोक हसतात. मीही हसायचो. आता त्या विमानाचा रागच येतो.

मारोतरावांची एकुलती एक लेक शीतल हैदराबादला नोकरी करते, सासर नागपूरचं. पूर्वी बसनं सासरी जाताना ती मध्येच आदिलाबादला उतरायची आणि बापाकडे एक मुक्काम करायची. बायको गेल्यापासून मारोतराव चूल पेटवायचे ती त्या मुक्कामापुरती. स्वतः भाकरी थापायचे, नकाशासारख्या, आणि ती मुकाट्यानं खायची. एरवी हॉटेलातली भजी. पुढे जावई विमानाची तिकिटं काढू लागला. झाली प्रगती! लेक बापाच्या डोक्यावरून जाऊ लागली आणि माहेर वाटेतून उठलं. चूल थंडच आहे.

मागे नागपूरला एका लग्नात शीतल भेटली. मी विचारलं, "वरून आपलं बेला दिसतं का गं?"

"कोण पाह्यते काका? बसली का डोळाच लागते माहा. थकून जाते ना मी."

डोळ्यांखाली काळं आलं होतं पोरीच्या. तिच्यावर काय रागावणार? हे मारोतरावांना सांगायचं नाही, एवढं ठरवून मी परतलो.

काल शनिवार. संध्याकाळचं विमान आलं. मारोतराव उठले, मधोमध गेले, हात वर केला. पण ओरडले नाहीत. ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले, विमान दिसेनासं होईपर्यंत हात तसाच धरला आणि परत येऊन तराजू उचलला.

मी चिडवलं, "काय मारोतराव, शिव्या संपल्या वाटतं?"

"संपते कायच्या? शनिवार हाय ना आज. शीतल हाय त्याच्यात." पारड्यात वांगी टाकत ते म्हणाले, "डायवरले हळूच देल्या. लेकरू झोपलं असन."